ध्येयवाद्याचें बिऱ्हाड

मोठ्या माणसांचीं चरित्रें वाचतांना एक गोष्ट आमच्या नेहमीं ध्यानांत येते. चरित्रकाराला आपल्या नायकास घराबाहेर काढण्याची फार घाई असते. समुद्र, अरण्य, रणभूमि किंवा तुरुंग यांपैकीं कोठेंतरी नायक जाऊन पोंचला म्हणजे चरित्रकाराची लेखणी खुलते. पण त्यापूर्वींचे जे पंधरा दिवस, ज्यांत पेट्या भरल्या जातात, देणेंघेणें मिटविलें जातें, धान्य पाखडलें जातें आणि मुलांचे कपडे पुढच्या वर्षाचा अंदाज धरून थोडे सैल शिवले जातात, ते पंधरा दिवस तो एका ओळींत उरकतो. सर्व तयारी करून नायक निघाला, एवढें आपण वाचतों आणि पान उलटतों. आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, नीतिविचाराच्या दृष्टीनें चरित्रांतील अत्यंत महत्त्वाचें पान तेंच असावें. कारण, रणांगणावर नायक एकटा असतो. तेथें तो उदार होतो तो स्वतःच्या जिवावर. पेट्या भरण्याच्या दिवसांत मात्र त्याच्या भोंवतीं इतर माणसें असतात. त्यांपैकीं कोणीं बरोबर जावयाचें आणि कोणीं मागें राहावयाचें हें तेव्हां ठरत असतें. आणि ठरवितांना प्रत्येकाला विचारलें जातेंच असें नाहीं.

या निबंधांत आम्ही जो प्रश्न चर्चेला घेत आहों तो असा: स्वीकारलेल्या ध्येयासाठीं स्वतःचा जीव धोक्यांत घालण्याचा मनुष्यास जो हक्क आहे, त्याच हक्कानें त्याला बायकामुलांचा जीव धोक्यांत घालतां येतो काय? आणि प्रवासाची चोख तयारी केली म्हणजे या प्रश्नाचें उत्तर दिल्यासारखें होतें काय? नजीकच्या उदाहरणांवर हा प्रश्न तपासूं गेल्यास आपले राग-लोभ आड येतात. म्हणून आम्ही मुद्दाम दूरचें उदाहरण घेतलें आहे. तें आहे एकोणिसाव्या शतकांत दक्षिण आफ्रिकेंत राहिलेल्या एका मिशनरी कुटुंबाचें. धर्मप्रसाराच्या कार्याविषयीं वाचकांचीं मतें कांहींही असोत. जो प्रश्न आम्हांस पाहावयाचा आहे तो धर्माचा नाहीं, घराचा आहे. आणि घर सर्वांनाच असतें.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीनें १८४१ सालीं दक्षिण आफ्रिकेंत आला. कुरुमान येथें रॉबर्ट मॉफट या वडील मिशनऱ्याचें ठाणें होतें. मॉफटची मुलगी मेरी हिच्याशीं त्याचें लग्न जानेवारी १८४५ मध्यें झालें. मेरी आफ्रिकेंतच जन्मली व वाढली होती. तेथील भाषा तिला बालपणापासून अवगत होती, आणि बैलगाडीच्या प्रवासाची तिला नवऱ्यापेक्षांही अधिक संवय होती. दोन ठाणीं बदलून हें जोडपें १८४७ सालीं कोलोबेंग येथें स्थिर झालें. बक्वेना लोकांचा राजा सेचेले हा त्यांचा शेजारी व शिष्य.

या घराचा संसार कसा चालत असे याचें वर्णन लिव्हिंग्स्टननें १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथांत केलें आहे. मिशनऱ्याला वर्षाचे शंभर पौंड मिळत. पण जवळ बाजारपेठ नसल्यामुळें पैसा असूनही पुष्कळ वस्तु घरींच कराव्या लागत. विटा त्यानें स्वतः पाडल्या, दारांची लांकडें स्वतः कापलीं. वारूळ पोखरून त्याची भट्टी करावयाची, तींत जाळ करून ती तापवावयाची आणि निखारे काढून टाकून पाव भाजावयाचा. लोणी बरणींत घुसळावयाचें. मेणबत्त्या सांच्यांत ओतावयाच्या. वनस्पतींची राख व चरबी यांचा साबण दिवसेंदिवस उकळत ठेवावयाचा. यांतील बरींच कामें मेरीच्या वांट्याला येत. शिवाय भर उन्हांत गांवांतील लहान मुलांची शाळा चालविणें हेंही तिचेंच काम होतें. सोसायटीच्या वहींत पगार एकाचा पडे, काम मात्र दोघांचें होई. आम्हांस येथें एवढेंच नोंदवावयाचें आहे कीं, मिशनऱ्याचें बिऱ्हाड हें त्याच्या कार्यावरील ओझें नव्हतें. तें त्या कार्याचें भांडवल होतें. म्हणूनच बायकामुलांना घेऊन जाणें हा केवळ मायेचा प्रश्न नव्हता. त्यांत कार्याची सोयही होती. आणि जेथें माया व सोय एकत्र नांदतात तेथें मनुष्याला स्वतःचा हेतु ओळखणें कठीण होतें.

कलहारी वाळवंट ओलांडून लिव्हिंग्स्टन १ ऑगस्ट १८४९ रोजीं न्गामी सरोवरास पोंचला. त्या खेपेस त्याच्याबरोबर ऑस्वेल व मरे हे दोन इंग्रज मित्र होते. कुटुंब घरीं होतें. सरोवरापलीकडे मकोलोलो लोकांचा राजा सेबित्वाने राहत असे; त्याच्यापर्यंत जाण्याचें राहिलें होतें. म्हणून १८५० च्या एप्रिलमध्यें लिव्हिंग्स्टन पुन्हां निघाला, आणि या वेळीं मेरी व तीन मुलें बरोबर होतीं. थोरला रॉबर्ट चार वर्षांचा, धाकटा टॉमस एक वर्षाचा, आणि मेरी गरोदर.

अशा प्रवासाची तयारी म्हणजे काय, याची कल्पना आपणांस आगगाडीच्या डब्यांत बसून यावयाची नाहीं. कापडी छपराची लांब गाडी हेंच पुढील कित्येक महिन्यांचें घर. तिला बारा-सोळा बैल जुंपावयाचे. त्यांच्या जोखडांचे व जुपण्यांचे जादा सट घ्यावयाचे. आंसाला लावण्यास वंगण घ्यावयाचें. पीठ, कॉफी, साखर, मीठ, अंथरुणें, बंदूक, दारू व शिसें, वाटेंतील राजांना देण्यासाठीं मणी व कापड, औषधांची पेटी, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पाण्याचीं पिंपें. या यादींत कांहीं राहिलें तर पुढें विकत घेण्यास दुकान नाहीं. म्हणून यादी करणारी बाई जितकी दक्ष, तितकी गाडींतील सर्वांची आयुर्मर्यादा अधिक, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

यादी पूर्ण होती. तरीही सरोवराच्या कांठीं मुलांना ताप आला आणि लिव्हिंग्स्टनला माघारीं फिरावें लागलें. ऑगस्टमध्यें कोलोबेंगला मेरी प्रसूत झाली. मुलगी जेमतेम सहा आठवडे जगली. मेरीच्या चेहऱ्याची एक बाजू कांहीं काळ लुळी पडली. आणि पुढच्याच वर्षीं, १८५१ च्या एप्रिलमध्यें, हेंच कुटुंब त्याच वाळवंटाकडे दुसऱ्यांदा निघालें. मेरी पुन्हां गरोदर होती. तिची आई कुरुमानला होती. तिनें जांवयाला एक कडक पत्र लिहिलें. एक मूल गेलें, उरलेलीं थोडक्यांत बचावलीं, आणि तरीही गरोदर स्त्रीला व लेंकरांना परक्या पुरुषांच्या संगतींत रानावनांतून ओढीत नेणार काय, असा त्या पत्राचा आशय होता. लिव्हिंग्स्टननें तें पत्र स्वतःच्या रोजनिशींत उतरून ठेवलें, आणि तो निघाला.

त्या वाटेवर काय झालें हेंही त्यानें लपविलेलें नाहीं. वाटाड्या चुकला. नोकराच्या हयगयीनें गाडींतील पाणी बहुतेक सांडून गेलें. मुलांपुरतें थोडें उरलें. एक रात्र काळजींत गेली. दुसऱ्या दिवशीं पाणी जसजसें कमी होत गेलें तसतशीं मुलें अधिकच पाणी मागूं लागलीं. पाणी शोधावयास गेलेलीं माणसें पांचव्या दिवशीं दुपारीं तें घेऊन परत आलीं. या काळांत बायकोनें दोषाचा एक शब्दही उच्चारला नाहीं, पण तिच्या डोळ्यांतील पाण्यांत सर्व कांहीं होतें, अशी कबुली त्यानें दिली आहे. सेबित्वानेची भेट झाली, आणि थोड्याच दिवसांनीं, जुलैंत, तो राजा वारला. त्से-त्से माशीच्या दंशानें ४३ बैल दगावले. परतीच्या वाटेवर, सप्टेंबरांत, नदीच्या कांठीं मेरीला मुलगा झाला.

आतां प्रश्नाकडे वळूं. लिव्हिंग्स्टनच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें आधीं नीट मांडलें पाहिजे. कारण बचावाचें भाषण न ऐकतां दिलेला निवाडा न्यायाचा नव्हे. पहिला मुद्दा असा कीं, मेरीची संमति होती. ती अबला किंवा अजाण नव्हती. या भूमीचे धोके ती नवऱ्यापेक्षां अधिक जाणत होती. दुसरा मुद्दा असा कीं, मागें राहणें हेंही निर्धोक नव्हतें. कोलोबेंगला दुष्काळ होता, नदी आटली होती, आणि शेजारच्या बोअर लोकांशीं बक्वेनांचें वैर वाढत होतें. १८५२ सालीं बोअरांनीं सेचेलेच्या लोकांवर हल्ला केला तेव्हां लिव्हिंग्स्टनचें रिकामें घरही त्यांनीं लुटून उध्वस्त केलें. तिसरा मुद्दा असा कीं, कार्य मोठें होतें. आणि चौथा, सर्वांत बळकट मुद्दा असा कीं, प्रत्येकच बाप आपल्या मुलांना त्यांची संमति न घेतां कोठें ना कोठें नेत असतो. गिरणींत काम मिळेल म्हणून कोंकणांतून मुंबईच्या चाळींत बिऱ्हाड करणारा बाप मुलांना विचारतो काय? त्या चाळींतही मुलें दगावलीं आहेत. मग मिशनऱ्यालाच कां पिंजऱ्यांत उभें करावें?

या चौथ्या मुद्द्यापासून आरंभ करूं. आमच्या मतें चाळींतला बाप आणि वाळवंटांतला बाप यांतील फरक धोक्याच्या मापाचा नाहीं, धोक्याच्या कारणाचा आहे. पहिला बाप मुलांना धोक्यांत नेतो तें त्यांच्याच तोंडीं घांस पडावा म्हणून. त्यानें पत्करलेल्या धोक्याचें फळ, मिळालें तर, मुलांनाच मिळावयाचें असतें. दुसरा बाप ज्या फळासाठीं निघाला आहे तें मुलांचें नाहीं. तें फळ कितीही उदात्त असो, त्याची किंमत मोजणारे एक आणि तें चाखणारे दुसरे, अशी येथें विभागणी होते. मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये, तो स्वतःच साध्य आहे, असें जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट यानें बजावलें आहे. जो आपल्या अंगानें साधन होतो त्यास आपण त्यागी म्हणतों. पण दुसऱ्याला साधन करणाऱ्यास त्यागी म्हणतां येत नाहीं, मग तो दुसरा त्याच्याच पोटचा कां असेना. किंबहुना पोटचा असल्यामुळेंच तेथें अधिक जपलें पाहिजे. कारण परका मनुष्य नाहीं म्हणूं शकतो, लेंकरूं नाहीं म्हणूं शकत नाहीं.

आपल्याकडे हरिश्चंद्राची कथा आपण भक्तिभावानें ऐकतों. राजानें सत्यासाठीं राज्य दिलें, काशीच्या बाजारांत स्वतःला विकलें, आणि त्याचबरोबर तारामती व रोहिदास यांनाही विकलें. श्रोत्यांचे डोळे पाणावतात. पण सत्य हरिश्चंद्राचें, वचन हरिश्चंद्राचें, आणि विक्री रोहिदासाची, हें कोडें कीर्तनांत कोणी सोडवीत नाहीं; शेवटीं देव प्रकट होऊन सर्व कांहीं परत देतात म्हणून तें सोडवण्याची गरजच पडत नाहीं. इतिहासांत देव असे वेळेवर प्रकट होत नाहींत. म्हणून इतिहास वाचतांना रोहिदासाचा प्रश्न टाळतां येत नाहीं.

आतां संमतीचा मुद्दा. मेरीची संमति खरी होती याबद्दल आम्हांस शंका नाहीं. तिला केवळ बळी ठरविणें म्हणजे तिच्या शहाणपणाचा व धैर्याचा अपमान करणें होईल. पण ही संमति कोणत्या दोन गोष्टींपैकीं एकीला होती, हें पाहिलें पाहिजे. नवरा जाणार हें ठरलेलेंच होतें. त्याच्याबरोबर जावयाचें कीं त्याच्यावांचून राहावयाचें, एवढीच निवड तिच्या हातीं होती. ज्याच्यापुढें दोनच वाटा आहेत आणि त्या दोन्ही दुसऱ्यानें आंखलेल्या आहेत, त्याच्या निवडीला संमति म्हणतां येईल. पण तिच्या बळावर वाटा आंखणाऱ्याची जबाबदारी उतरत नाहीं. वनवासाला निघतांना रामानें सीतेला अरण्यांतील सर्व भयें आधीं सांगितलीं, आणि मग तिचा आग्रह मानला. भय सांगितल्यावर मिळालेली संमति हीच काय ती संमति. तरीही तेथें सीता एकटी होती. तिच्या कडेवर मूल नव्हतें. कडेवरच्या मुलाच्या वतीनें कोणीं बोलावयाचें? कोलोबेंगच्या प्रसंगीं तें काम आजीनें केलें. तिच्या पत्राला उपदेशाची झांक आहे, रागही आहे. पण गाडींतील पांच वर्षांच्या मुलाचा वकील म्हणून त्या सर्व प्रकरणांत तीच एक उभी राहिली, हें विसरतां येत नाहीं.

याच गांवांतील आणखी एका घराकडे पाहिल्यास आमचें म्हणणें अधिक स्पष्ट होईल. सेचेले राजानें १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यासाठीं त्याला एक पत्नी ठेवून बाकीच्यांस सोडावें लागलें. त्यानें त्यांना नवे कपडे दिले, त्यांच्या झोपड्यांतील सर्व चीजवस्तु बरोबर दिली, आणि माहेरीं पाठविलें. पाठवणीची तयारी अगदीं रीतसर झाली. कोणाला रिकाम्या हातीं जावें लागलें नाहीं. पण त्या स्त्रियांनीं काय अपराध केला होता? नवऱ्याच्या अंतःकरणांत नवा प्रकाश पडला, आणि त्याची सावली त्यांच्या अंगणांत पडली. त्या स्त्रियांविषयीं लिव्हिंग्स्टनलाही कळवळा वाटला, हें त्याच्या लेखनावरून दिसतें. पण कळवळा ही न्यायाची जागा घेऊं शकत नाहीं. नवे कपडे हें ज्याप्रमाणें सेचेलेच्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें, त्याप्रमाणें भरलेलें पिंप हें लिव्हिंग्स्टनच्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. चांगली तयारी ही कित्येकदां मुख्य प्रश्न न विचारण्याची एक सभ्य युक्ति असते. हात कामांत गुंतले म्हणजे मन मोकळें सुटतें.

कार्य मोठें होतें, या मुद्द्याचें काय? १८५२ च्या एप्रिलमध्यें लिव्हिंग्स्टननें केप टाउनहून मेरीला व चार मुलांना विलायतेस पाठविलें. आफ्रिकेच्या आंतल्या भागांत राहिल्यानें त्यांचे कपडे इतके जुने झाले होते कीं, ऑस्वेलनें आपल्या पैशानें सर्वांना नवे कपडे करून दिले. कुटुंबाला धोक्याबाहेर काढणें योग्यच झालें, असें कोणीही म्हणेल. पण वाळवंटाच्या प्रवासासाठीं ज्यानें पिंपें मोजून घेतलीं त्यानें या दुसऱ्या प्रवासाची तयारी केव्हां केली? आफ्रिकेंत जन्मलेल्या मेरीला विलायतेंत स्वतःचें घर नव्हतें. सासरीं पटलें नाहीं. हातीं पैसा थोडा. चार मुलांना घेऊन ती एका बिऱ्हाडांतून दुसऱ्या बिऱ्हाडांत हिंडत राहिली. इकडे नवरा पश्चिमेस लुआंडापर्यंत व तेथून पूर्वेस केलिमानेपर्यंत खंड ओलांडून गेला, व्हिक्टोरिया धबधबा पाहून आला, आणि १८५६ च्या डिसेंबरांत विलायतेंत परतला तो कीर्तीच्या शिखरावर. मेरी पुढें पुन्हां आफ्रिकेंत गेली आणि २७ एप्रिल १८६२ रोजीं झांबेझीच्या कांठीं शुपांगा येथें तापानें वारली. थोरला रॉबर्ट बापाच्या शोधांत आफ्रिकेपर्यंत आला, पण भेट झाली नाहीं. बापाच्या नांवाला कमीपणा येऊं नये म्हणून दुसरेंच नांव धारण करून तो अमेरिकेंतील यादवी युद्धांत शिरला, आणि १८६४ सालीं शत्रूच्या बंदींत वारला. आपण मुलांशीं खेळण्यास वेळ काढला नाहीं, याचा पश्चात्ताप लिव्हिंग्स्टननें उत्तर आयुष्यांत व्यक्त केला आहे. असा पश्चात्ताप पाहून मन विरघळतें. परंतु नीतिविचारानें विचारावयाचें तें हें कीं, तो पश्चात्ताप १८५१ च्या यादींत आगाऊ घालतां आला असता कीं नाहीं.

मोठ्या कार्याचें आणखी एक लक्षण असें कीं, तें इतरांची बिऱ्हाडेंही आपल्यामागें ओढतें. लिव्हिंग्स्टनच्या कीर्तीनें भारलेल्या लंडन सोसायटीनें मकोलोलो लोकांत ठाणें घालण्याचें ठरविलें. हेल्मोर हा अनेक वर्षांचा अनुभवी मिशनरी, त्याची बायको व चार मुलें, आणि तरुण प्राइस व त्याची बायको, असे लोक १८५९ सालीं कुरुमानहून निघाले. वाटेंत पाण्याचे तेच हाल झाले. प्राइसच्या घरीं मूल जन्मलें तेंही बरोबर होतें. १८६० च्या फेब्रुवारींत तीं सर्व लिन्यांतीला पोंचलीं. लिव्हिंग्स्टन तेथें भेटेल अशी त्यांची अपेक्षा होती. पण त्या वेळीं तो शेंकडों मैल दूर होता. थोड्याच आठवड्यांत हेल्मोर, त्याची बायको, त्यांचीं दोन मुलें आणि प्राइसचें तान्हें मूल तापानें गेलीं. प्राइसची बायको परतीच्या वाटेवर गेली. ऑगस्टांत लिव्हिंग्स्टन त्या प्रदेशांत आला तेव्हां त्याला सर्व हकीकत कळली. आणि त्याहून दारुण गोष्ट ही कळली कीं, १८५३ पासून त्यानें तेथेंच ठेवलेली त्याची गाडी जशीच्या तशी होती, आणि तींत तापावरचें औषध होतें. मृत्युशय्येवरील लोकांपासून तें औषध हांकेच्या अंतरावर पडून होतें. त्यांना तें ठाऊक नव्हतें.

हें आम्हांस सर्व कथेचें मर्म वाटतें. क्विनाइन १८२० सालींच हातीं आलेलें होतें. हिंवतापाचे जंतु डासांत सांपडण्यास रोनाल्ड रॉसच्या सिकंदराबाद येथील शोधापर्यंत, म्हणजे १८९७ पर्यंत, वाट पाहावी लागली. तेव्हां कारण न कळल्याबद्दल कोणाला दोष देतां येत नाहीं. पण ज्या मनुष्याच्या शब्दावर दुसरे आपलीं मुलें घेऊन निघणार, त्यानें त्यांच्या हातीं उत्साहाबरोबर औषधाचा पत्ताही दिला पाहिजे, ही गोष्ट कोणत्याही शतकांत कळण्यासारखी आहे. वाट दाखविणाऱ्यानें वाटेंतले खड्डे अधिक मोठ्यानें सांगितले पाहिजेत. कारण शिखराचें वर्णन लोक न सांगतांही ऐकतात.

आतां कोणी म्हणेल कीं, या सर्व दुःखाची भरपाई कार्यानेंच केली नाहीं काय? उत्तर आयुष्यांत लिव्हिंग्स्टननें पूर्व आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जो आवाज उठविला त्याचें मोल कोण नाकारील? १ मे १८७३ रोजीं तो चितांबोच्या गांवीं वारला, आणि पुढच्याच महिन्यांत झांझिबारच्या सुलतानानें तहान्वयें तो बाजार बंद केला. या प्रकरणाचा एक धागा आमच्या महाराष्ट्रापर्यंत येतो. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस आणलीं जात, आणि त्यांतील कित्येक नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमांत वाढलीं. लिव्हिंग्स्टननें १८६६ च्या शेवटच्या प्रवासांत नाशिकचीं नऊ मुलें बरोबर घेतलीं. त्याच आश्रमांत शिकलेला जेकब वेनराइट पुढें त्याला मिळाला. आणि मरणानंतर त्याचें शव हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत सुसी, चुमा यांच्याबरोबर तोही होता. या मुलांना जेव्हां घरांतून ओढून नेण्यांत आलें तेव्हां त्यांच्यासाठीं कोणीं पेटी भरली नव्हती, पिंप भरलें नव्हतें, आणि आजीनें पत्र लिहिलें नव्हतें. अशा मुलांचा प्रवास थांबविण्यासाठीं जो झिजला त्याच्या थोरवीविषयीं आम्हांस कांहीं शंका नाहीं.

तरीही आम्ही म्हणतों कीं, एका खात्यांतील जमेनें दुसऱ्या खात्यांतील देणें फिटत नाहीं. गुलामांचीं मुलें सुटलीं हें लिव्हिंग्स्टनचें पुण्य खरें. पण रॉबर्टचें देणें रॉबर्टलाच द्यावयाचें होतें. मानवजातीचा हिशेब बेरजेनें करतां येतो असें ज्यांना वाटतें, त्यांना हें मान्य होणार नाहीं. पण घरांत बेरीज चालत नाहीं. तेथें प्रत्येकाचें खातें निराळें असतें.

मग कुटुंबवत्सल मनुष्यानें मोठें कार्य करूंच नये काय? कॅथॉलिक पंथानें व आमच्या संन्यासमार्गानें या प्रश्नाला दिलेलें उत्तर सरळ आहे: संसारच करूं नये. तें उत्तर प्रामाणिक आहे, पण तें सर्वांसाठीं नाहीं. आणि ज्यानें संसार मांडला आहे त्याला तें उपयोगाचें नाहीं. अशा मनुष्यासाठीं आम्हांस एकच कसोटी सांपडते. त्याच्या तयारींत परत फिरण्याची तयारी आहे कीं नाहीं, हें पाहावें. १८५० सालीं मुलांना ताप येतांच लिव्हिंग्स्टननें गाडी माघारीं वळविली. त्या क्षणीं तो पिता होता, आणि त्यामुळें त्याच्या ध्येयाचें कांहींही बिघडलें नाहीं. १८५१ सालीं तो निघाला तेव्हां, आमच्या मतें, हीच एक वस्तु त्याच्या सामानांत नव्हती. भय आधीं सांगणें, मागें राहणाऱ्यांची सोय पुढें जाणाऱ्यांइतक्याच काळजीनें लावणें, आणि मुलाच्या कपाळाला हात लावून ध्येयाची गाडी फिरविण्याइतकें मन मोकळें ठेवणें, या तीन गोष्टी ज्याच्या यादींत आहेत त्यानें खुशाल निघावें. ज्याच्या यादींत त्या नाहींत, त्याचें ध्येय उदात्त असेल, पण त्याची तयारी अपुरी आहे.

आणि शेवटीं एक शब्द आपणां टाळ्या वाजविणाऱ्यांविषयीं. ध्येयवाद्याच्या गळ्यांत हार घालतांना त्याच्या घरीं चूल पेटली आहे कीं नाहीं याची चौकशी आपण क्वचितच करतों. लिव्हिंग्स्टनच्या सत्काराला गर्दी करणाऱ्या समाजांत १८५२ ते १८५६ या काळांत मेरीला एक स्थिर घर मिळालें नाहीं. ध्येयवाद्याचा पुतळा उभारण्यापेक्षां त्याचें बिऱ्हाड सांभाळणें हें अधिक कष्टाचें आणि कमी दिसणारें काम आहे. पण ज्या समाजाला थोर माणसें हवीं आहेत त्यानें हें काम आपलें मानलें पाहिजे; नाहींतर ती थोरवी आपण फुकट उपभोगतों आणि तिचें मोल मात्र कोणाच्या तरी लेंकरांकडून वसूल करतों.